पक्षी उठविणारे शिकारी कुत्रे : प्रशिक्षण व चाचणी यांतील परिभाषा

पक्षी उठविणारे शिकारी कुत्रे : गवत, झुडपे, जाळ्या किंवा पाणथळ जागा यांत दडून बसलेला पक्षी वासावरून हुडकून त्यास उडावयास भाग पाडणाऱ्या आणि शिकाऱ्याने पाडलेला पक्षी तोंडात धरून परत आणून देणाऱ्या कुत्र्यांचा गट. या गटात मुख्यतः स्पॅनियल कुत्र्यांचा समावेश होतो. इंग्लिश स्प्रिंगर, वेल्श स्प्रिंगर, कॉकर, क्लंबर, ससेक्स व फील्ड हे ब्रिटनमधील, तर अमेरिकन वॉटर स्पॅनियल व बॉयकिन हे अमेरिकेतील प्रकार होत. यांच्या प्रशिक्षणात व मैदानी चाचण्यांत एक विशिष्ट परिभाषा रूढ झाली आहे. ती वरवर पाहता हौशी लोकांची बोली वाटते. तथापि तिच्यातील बहुतेक प्रत्येक संज्ञेमागे पक्ष्याचा स्वभाव, वाऱ्याची दिशा, बंदुकीचा पल्ला किंवा माणसाची व कुत्र्याची सुरक्षितता यांपैकी एखादे कारण असते. ते कारण ध्यानात घेतल्यास संज्ञेचा अर्थ सहज उलगडतो.

शिकारी कुत्र्यांचे कामानुसार होणारे भेद प्रथम लक्षात घ्यावयास हवेत. दख्खनमधील कारवान किंवा मुधोळ कुत्रा सावज डोळ्यांनी पाहून त्याचा वेगाने पाठलाग करतो. पॉइंटर व सेटर हे कुत्रे पक्ष्याचा वास लागताच जागच्या जागी ताठ उभे राहून त्याची दिशा दाखवितात. पक्षी उडविण्याचे काम त्यानंतर होते. म्हणून ते बंदुकीपासून दूरवर फिरले तरी चालते, कारण शिकारी पोहोचेपर्यंत पक्षी दबून राहतो. स्पॅनियल मात्र थांबत नाही; वास लागताच तो सरळ आत घुसून पक्षी उठवितो. पक्षी बंदुकीच्या पल्ल्याबाहेर उठला, तर सारे श्रम वाया जातात. त्यामुळे स्पॅनियलने शिकाऱ्यापासून सर्वसाधारणपणे ३० मी.च्या आतच काम केले पाहिजे. या गटाच्या परिभाषेतील निम्म्याहून अधिक संज्ञा या एका मर्यादेतून निर्माण झाल्या आहेत.

इतिहास : स्पॅनियल हा शब्द ‘स्पेनमधील’ या अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दावरून आला आहे. फ्रान्समधील गास्ताँ फेब्यूस या सरदाराने चौदाव्या शतकाच्या अखेरीस लिहिलेल्या मृगयाविषयक ग्रंथात या कुत्र्यांचे वर्णन आढळते. जॉन कायस या इंग्रज वैद्याने १५७० मध्ये लॅटिन भाषेत प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात त्यांचे जमिनीवर व पाण्यात काम करणारे असे दोन वर्ग सांगितले आहेत. त्या काळी पक्षी उठवावयाचा तो ससाण्यासाठी किंवा जाळ्यासाठी. जाळ्यासाठी काम करणारा कुत्रा पक्ष्याजवळ पोट टेकून दबून बसे आणि त्याच्यावरून जाळे ओढले जाई. आजचा सेटर हा या कुत्र्यापासून उत्पन्न झाला, असे मानतात. ससाण्यासाठी पक्षी उडविणाऱ्या कुत्र्याची परंपरा स्प्रिंगरमध्ये टिकून राहिली. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात उडत्या पक्ष्यावर बार काढण्याची पद्धत इंग्लंडमध्ये रूढ होऊ लागली आणि ससाण्याची जागा हळूहळू बंदुकीने घेतली.

शिकारी कुत्र्यांची पहिली संघटित मैदानी चाचणी १८६५ मध्ये इंग्लंडमधील साउथहिल येथे झाली. ती पॉइंटर व सेटर यांच्यासाठी होती. केनेल क्लब ही संस्था १८७३ मध्ये लंडन येथे स्थापन झाली. स्पॅनियलांसाठी पहिली चाचणी १८९९ मध्ये भरविण्यात आली. कॉकर स्पॅनियलास एकोणिसाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, तर इंग्लिश व वेल्श स्प्रिंगर यांना १९०२ मध्ये स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता मिळाली. अमेरिकेत इंग्लिश स्प्रिंगरांची पहिली चाचणी न्यूयॉर्क राज्यातील फिशर्स आयलंड येथे १९२४ मध्ये झाली आणि १९४७ पासून तेथे राष्ट्रीय विजेतेपदाच्या स्पर्धा सुरू झाल्या. त्यामुळे या परिभाषेच्या ब्रिटिश व अमेरिकन अशा दोन शाखा दिसतात. ब्रिटनमध्ये स्पॅनियलने पक्ष्यांप्रमाणे ससेही उठवावेत, अशी अपेक्षा असते. अमेरिकन चाचण्यांत ससा हा कुत्र्याचे लक्ष विचलित करणारा प्राणी समजला जातो.

शोधविषयक संज्ञा : ज्या जागेत कुत्र्याने शोध घ्यावयाचा त्या पट्ट्यास ‘बीट’ म्हणतात. कुत्र्यास आज्ञा देणारा तो ‘हँडलर’. या लेखात त्यास चालक म्हटले आहे. ‘गन’ या शब्दाने हत्याराइतकाच ते चालविणाऱ्या शिकाऱ्याचाही निर्देश होतो. चालक मधून चालत असता कुत्रा त्याच्यापुढे डावीकडून उजवीकडे व उजवीकडून डावीकडे नागमोडी फेऱ्या घालीत पुढे सरकतो. या क्रियेस ‘क्वार्टरिंग’ म्हणतात. फेऱ्या फार विरळ झाल्यास मधली जागा हुंगावयाची राहते व फार दाट झाल्यास तीच जागा पुनःपुन्हा तुडविली जाऊन वेळ जातो.

फेऱ्यांचा आकार वाऱ्यावर अवलंबून असतो. पक्ष्याच्या अंगाचा वास वाऱ्याबरोबर वाहत जाताना हळूहळू पसरतो व निमुळत्या शंकूसारखा आकार धारण करतो. त्याचे टोक पक्ष्यापाशी व रुंद बाजू वाऱ्याच्या वाहत्या दिशेस असते. यास वासाचा शंकू म्हणतात. कुत्र्याने वारा आडवा कापीत धावल्यास तो या शंकूत शिरण्याचा संभव सर्वांत अधिक असतो. वारा समोरून येत असेल, तर चालकाच्या पुढे आडव्या फेऱ्या घालणे सोपे व स्वाभाविक ठरते. वारा पाठीमागून वाहत असेल, तर जाणता कुत्रा प्रथम सरळ पुढे जातो आणि मग वाऱ्याकडे तोंड करून चालकाच्या दिशेने आडव्या फेऱ्या घालीत परत येतो. बाजूने येणाऱ्या वाऱ्यास ‘चीक विंड’ म्हणजे गालावरचा वारा म्हणतात; अशा वेळी फेऱ्या तिरप्या होतात व कुत्रा चालकाच्या पुढेमागे लांबट रेषांत धावताना दिसतो. वाऱ्याची दिशा न ओळखणारा प्रेक्षक या वेळी कुत्रा भरकटला असे समजतो, वस्तुतः तो आपले काम चोख करीत असतो. चाचणीच्या आरंभी परीक्षकाने वारा कोठून आहे हे पाहणे आवश्यक असते, ते याचसाठी.

वासाचेही दोन प्रकार मानतात. पक्ष्याच्या शरीरावरून हवेत येणारा तो अंगाचा वास आणि तो चालून गेल्यावर जमिनीवर राहणारा तो पायांचा वास. फेझंटसारखा पक्षी उडण्यापेक्षा धावणे पसंत करतो. त्याच्या पायांच्या वासावर मान खाली घालून सरळ रेषेत धावत सुटणाऱ्या कुत्र्यास पल्ल्याबाहेर जाण्यापूर्वीच थांबविणे चालकास भाग पडते. याउलट, पक्षी उडून गेलेल्या जागेवरील शिळ्या वासात घोटाळत राहण्याच्या दोषास ‘पॉटरिंग’ म्हणतात. पट्ट्यातील पक्षी न हुडकता पुढे निघून जाणे यास ‘मिसिंग गेम’ अशी संज्ञा असून चाचणीत हा गंभीर दोष आहे. पक्ष्याचा वास लागूनही त्यास जाणूनबुजून टाळणे याला ‘ब्लिंकिंग’ म्हणतात. वरील दोन दोषांचे फळ एकच दिसले, तरी कारणे भिन्न आहेत. पहिल्यात नाक, अनुभव किंवा फेऱ्यांची शिस्त कमी पडते. दुसऱ्यात कुत्र्याच्या मनात पक्ष्याविषयी वा बाराविषयी भीती बसलेली असते. अशी भीती बहुधा अवेळी झालेल्या शिक्षेतून किंवा पिलाच्या कानाजवळ अचानक काढलेल्या बारातून उत्पन्न होते.

उठवणीविषयक संज्ञा : पक्षी उडविण्याच्या क्रियेस ‘फ्लश’ किंवा जुन्या शब्दात ‘स्प्रिंग’ म्हणतात, स्प्रिंगर हे नाव त्यावरूनच पडले. कॉकर या नावाचा संबंध वुडकॉक या पक्ष्याशी आहे. वास लागताच न कचरता जोराने आत मुसंडी मारणे हा गुण समजतात. कारण कुत्रा अडखळला, तर पक्ष्यास पायी निसटावयास वेळ मिळतो. पॉइंटरच्या बाबतीत जो गुण, तो येथे दोष ठरतो. कुत्र्याने पक्षी उडण्यापूर्वीच तोंडात पकडल्यास त्यास ब्रिटनमध्ये ‘पेगिंग’ व अमेरिकेत ‘ट्रॅप’ म्हणतात. भिजलेला किंवा दुबळा पक्षी उडू शकत नाही, त्यामुळे या गोष्टीचा दोष सहसा कुत्र्यास देत नाहीत.

पक्षी उडाल्यावर कुत्र्याने त्याच क्षणी खाली बसावे किंवा निश्चल उभे राहावे, यास स्थैर्य अथवा ‘स्टेडिनेस’ म्हणतात. त्याच्या तीन पायऱ्या आहेत : पक्षी उडताना, बार होताना व पक्षी पडताना. या शिस्तीमागील कारण व्यवहारी आहे. उडालेल्या पक्ष्याच्या मागे उड्या मारीत धावणारा कुत्रा बंदुकीच्या रोखात येतो व खालून उडणाऱ्या पक्ष्यावर बार काढल्यास छरे त्यास लागू शकतात. शिवाय तो पाठलागात आणखी पक्षी पल्ल्याबाहेर उठवितो आणि पडलेल्या पक्ष्याची जागाही नजरेतून हरवतो. आज्ञेवाचून पक्ष्यामागे धाव घेण्यास ब्रिटिश परिभाषेत ‘रनिंग इन’ व अमेरिकन परिभाषेत ‘ब्रेकिंग’ म्हणतात. शेजारच्या पट्ट्यात दुसऱ्या कुत्र्याने उठविलेल्या पक्ष्याच्या वेळीही स्थिर राहणे यास अमेरिकेत ‘ऑनर’ म्हणजे मान देणे म्हणतात. स्पॅनियलास बसविण्यासाठी ‘हप्’ हा पूर्वापार चालत आलेला शब्द वापरतात.

परत आणण्याविषयीच्या संज्ञा : पडणाऱ्या पक्ष्याची जागा नजरेने टिपून ध्यानात ठेवण्यास ‘मार्किंग’ म्हणतात. कुत्र्याने पक्षी पडताना पाहिला नसेल, तर चालक त्यास हाताच्या खुणांनी व शिटीने त्या जागेकडे नेतो. यास ‘ब्लाइंड’ म्हणजे न पाहिलेल्या पक्ष्याची आणणी म्हणतात. अशा कुत्र्यास जागेवर पोहोचल्यावर ‘डेड’ या अर्थाचा शब्द उच्चारून तेथेच शोध घ्यावयास लावतात. जखमी होऊन पायी पळणाऱ्या पक्ष्यास ‘रनर’ अशी संज्ञा असून त्याच्या मागावर नाक ठेवून जाण्यास ‘रेषा घेणे’ म्हणतात. येथे मात्र पायांच्या वासावर दूर जाणे हाच गुण ठरतो व चालकाने त्यास विनाकारण परत बोलाविल्यास पक्षी हातचा जातो. आज्ञापालन व उपजत बुद्धी यांचा तोल साधण्याची खरी कसोटी हीच होय. जखमी पक्षी झुडपात मरणयातना भोगीत राहू नये, हे शिकारी कुत्रा बाळगण्याचे सर्वांत सबळ समर्थन मानले जाते. रनर शोधून आणणाऱ्या कुत्र्यास परीक्षक विशेष श्रेय देतात, ते यामुळेच. एका कुत्र्यास न सापडलेला पक्षी दुसऱ्याने शोधून आणल्यास त्यास ‘आय वाइप’ म्हणतात.

पक्षी न चेंगरता आणणाऱ्या कुत्र्याचे तोंड ‘सॉफ्ट’ म्हणजे हळुवार आणि चेंगरणाऱ्याचे ‘हार्ड’ म्हणजे कडक समजतात. परीक्षक आणलेल्या पक्ष्याच्या दोन्ही बाजूंच्या बरगड्या बोटांनी चाचपून पाहतो. दोन्हीकडील बरगड्या दबलेल्या असणे हा कडक तोंडाचा पुरावा मानतात. तथापि उंचावरून कठीण जमिनीवर पडल्यानेही पक्ष्यास इजा होते, छऱ्यांमुळेही होते. म्हणून निर्णयापूर्वी पक्षी कसा पडला याचा विचार करावा लागतो. कडक तोंडाचा शिक्का बसल्यास कुत्रा चाचणीतून बाद होतो आणि पैदाशीसाठीही त्याची किंमत उतरते. आणताना एक पक्षी टाकून दुसरा उचलणे हा ‘चेंजिंग’ नावाचा दोष होय. पक्षी चालकाच्या हाती देण्याऐवजी वाटेत टाकणे हाही दोष आहे.

प्रशिक्षण : पिलास प्रथम बसणे, हाकेसरशी येणे व शिटी ओळखणे शिकवितात. सर्वसाधारण प्रघात असा, की एक लांब शीळ थांबण्यासाठी, दोन आखूड शिळा फेरीचे टोक गाठल्यावर वळण्यासाठी आणि आखूड शिळांची मालिका परत येण्यासाठी वाजवितात. ‘चेक कॉर्ड’ म्हणजे गळपट्ट्यास बांधलेली लांब दोरी. तिच्या साहाय्याने आज्ञा पाळली जाईल याची खात्री करता येते. ‘डमी’ म्हणजे कापडाची किंवा प्लास्टिकची, पक्ष्याच्या आकारमानाची गुंडाळी. तिच्यावर आणणीचे पहिले धडे देतात. त्यानंतर मेलेला थंड पक्षी, मग नुकताच मारलेला पक्षी असा क्रम असतो. बाराची ओळख पिलू एखाद्या आनंददायक कामात गुंतले असता दूर अंतरावरून करून देतात व अंतर हळूहळू कमी करतात. असे न केल्यास कुत्रा ‘गन शाय’ म्हणजे बाराला बुजणारा होतो आणि हा दोष क्वचितच पूर्णपणे जातो.

प्रशिक्षणाच्या क्रमाविषयी मतभेद आहेत. स्थैर्य फार लवकर लादल्यास कुत्र्याचा उत्साह मावळतो. फार उशिरा शिकविल्यास पाठलागाची सवय मोडत नाही. ‘ड्राइव्ह’ म्हणजे शोधाची ओढ व ‘बिडॅबिलिटी’ म्हणजे आज्ञा मानण्याची वृत्ती, अशा दोन संज्ञांनी ही दोन टोके दर्शवितात. उत्तम कुत्र्यात दोन्ही एकत्र असावी लागतात. ओढ शिकवून येत नाही, ती वंशातूनच यावी लागते. विजेच्या धक्क्याच्या गळपट्ट्याचा वापर हाही वादाचा विषय असून वेल्समध्ये अशा गळपट्ट्यांवर २०१० पासून बंदी आहे.

चाचण्या : चाचण्यांचे दोन प्रकार आहेत. ‘फील्ड ट्रायल’ म्हणजे मैदानी स्पर्धेत कुत्र्यांची एकमेकांशी तुलना करून क्रमांक देतात. ‘हंटिंग टेस्ट’ म्हणजे शिकार चाचणीत प्रत्येक कुत्र्यास ठरावीक निकषांवर जोखतात व निकष पुरे करणारे सर्व कुत्रे उत्तीर्ण होतात. अमेरिकन केनेल क्लबने १९८० नंतरच्या दशकात अशा चाचण्या सुरू केल्या. त्यांत कनिष्ठ, वरिष्ठ व निष्णात अशा तीन पातळ्या असतात. गुण ० ते १० असे देतात. उत्तीर्ण होण्यास प्रत्येक विषयात किमान ५ व एकूण सरासरी किमान ७ गुण लागतात. पक्षी उडताना व बार होताना पूर्ण स्थैर्य ही अट निष्णात पातळीवर असते, कनिष्ठ पातळीवर ती नसते.

ब्रिटिश मैदानी स्पर्धेत दोन कुत्रे शेजारच्या पट्ट्यांत एकाच वेळी, पण स्वतंत्रपणे काम करतात. विषम क्रमांकाचे कुत्रे उजवीकडील व सम क्रमांकाचे डावीकडील परीक्षकापुढे धावतात आणि नंतर बाजू बदलतात. सावज शोधण्याची उपजत क्षमता, नाक, ओढ, कामाची ढब, पडलेला पक्षी टिपणे, चटकन आणणे व शांत हाताळणी या श्रेयाच्या बाबी होत. कडक तोंड, पाठलाग, भुंकणे वा कुंईकुंई करणे, ताब्याबाहेर जाणे व पट्ट्यातील सावज चुकविणे यांमुळे कुत्रा बाद होतो. चालकाने वारंवार ओरडणे व शिटी वाजविणे हाही दोष धरतात, कारण आवाजाने सावज सावध होते.

स्पर्धांचा परिणाम वंशावरही झाला आहे. प्रदर्शनासाठी व कामासाठी वेगवेगळी पैदास होत गेल्याने स्प्रिंगर व कॉकर यांचे दोन भिन्न वाण तयार झाले. प्रदर्शनातील कुत्रे सामान्यतः मोठे, लांब कानांचे व दाट केसांचे, तर कामाचे कुत्रे लहानखुरे, आखूड केसांचे व अधिक चपळ असतात. इंग्लंडमध्ये कुत्र्याची शेपूट कापण्यावर २००७ पासून बंदी असली, तरी काटेरी झुडपांत शेपटीस होणाऱ्या जखमांच्या कारणास्तव कामाच्या कुत्र्यांस विशिष्ट अटींवर सूट आहे. ती योग्य की अयोग्य याविषयी पशुवैद्यांत एकमत नाही.

भारतातील स्थिती : ब्रिटिश अमदानीत पाणलावा, लावा व तितर यांच्या शिकारीसाठी स्पॅनियल भारतात आणले जात. वन्य जीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ व विशेषतः १९९१ ची त्यातील दुरुस्ती यांमुळे अशी शिकार कायद्याने बंद झाली आणि त्याबरोबर या कुत्र्यांचे येथील मूळ कामही संपले. तथापि त्यांच्या अंगची शोधाची ओढ व आज्ञाधारकता यांना नवे क्षेत्र लाभले आहे. स्फोटके व अंमली पदार्थ हुडकण्यासाठी अनेक देशांत स्पॅनियल वापरले जातात. भारतातही केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाच्या श्वानपथकांत कॉकर स्पॅनियल आहेत. पद्धतशीर फेऱ्यांनी जागा पिंजून काढणे, वाऱ्याचा अंदाज घेणे व हवी ती वस्तू सापडताच निश्चल होणे ही तत्त्वे या कामातही तीच राहतात. फरक एवढाच, की शिकारीत स्थैर्य पक्षी उठल्यानंतर अपेक्षित असते. स्फोटकाच्या बाबतीत वस्तूस स्पर्श होण्यापूर्वीच कुत्र्याने थांबावे लागते. तेथे चुकलेल्या पट्ट्याची किंमत हातचा गेलेला पक्षी एवढीच नसते. म्हणूनच शोध, स्थैर्य व चुकविणे या जुन्या संज्ञांचे नेमके अर्थ माहीत असणे आजही उपयुक्त ठरते.